ईराचा रिसीव्हर मी घेतला नाही

मंडळी, दुपारपासून मला चैन नाही.

आमच्या आइंडहोवनच्या ऑफिसात अमेरिकन फुटबॉलची फँटसी लीग आहे. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आळीपाळीने आपली टीम निवडायची, मग त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या खेळावर आपल्याला गुण मिळतात. मी आणि माझी तेरा वर्षांची ईरा मिळून एक टीम चालवतो. आज दुपारी ड्राफ्ट, म्हणजे ही निवड, घरूनच ऑनलाइन होती.

ईराला एक तरुण वाइड रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला बॉल झेलणारा खेळाडू, हवा होता. गेल्या सीझनमध्ये त्याचे कॅच फारच कमी. आमच्या पाळीची वेळ संपत आली, तसा मी तिला न विचारता एक जुना, भरवशाचा खेळाडू घेऊन टाकला. लगेच एका सहकाऱ्याने तिचा रिसीव्हर उचलला.

"लाट मार," ती म्हणाली. म्हणजे डचमध्ये, जाऊ दे. आणि खोलीत निघून गेली.

थोड्या वेळाने मी आत जाऊन विचारलं, "तोच का हवा होता गं?"

तिने व्हिडिओ लावला. "बघ ना बाबा, तो एव्हरी टाइम मोकळा होतो. त्याला कोणी बॉल देतच नाही."

खरंच होतं. मी नुसते आकडे पाहिले होते, तिने खेळ पाहिला होता.

मी त्या सहकाऱ्याकडे ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, मागितला. तो हसून नाही म्हणाला. पुढच्या ड्राफ्टला ईरा माझ्या शेजारी बसेल ना, हीच धाकधूक आहे. तुम्ही असता तर आता तिच्याशी काय बोलला असतात?