यमुनाबाईंची दवंडी

दवंडीची हलगी वाजली की यमुनाबाई हातातलं काम टाकून दारात येत. चुकलेल्या म्हशीची दवंडी असो, शेतसाऱ्याची असो, नाहीतर बाजाराचा दिवस बदलल्याची. शेवटच्या शब्दापर्यंत ऐकल्याशिवाय त्या आत जात नसत. जालन्यातल्या आमच्या गल्लीत पोरं त्यांची नक्कल करायची. मला कधी हसू आलं नाही. ही सवय त्यांना कुठे लागली ते मला ठाऊक होतं.

निजामाच्या मुलखात तेव्हा बोलपट यायचे होते. एका शेठजींचा तंबूचा सिनेमा गावोगाव फिरायचा आणि त्यात मी पेटी वाजवायचो. चित्रं मुकी. पडद्याशेजारी उभे राहून उस्मानमास्तर सगळ्यांचं बोलत. राजाचं, चोराचं, राणीचं, वेळ पडली तर घोड्याचंसुद्धा. पडदा पाण्यानं भिजवला की चित्र मागूनही दिसे, म्हणून बायकांना पडद्यामागे बसवत. तिथून सारं उलटं दिसे, राजा डावखुरा होई. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार एवढीच, की माझ्या पेटीमुळे मास्तरांचं बोलणं मागे पोचत नसे.

यमुनाबाई आमच्याकडे स्वयंपाकाला होत्या. वाटूर त्यांचं सासर. नवरा पटकीत गेलेला, मूलबाळ नाही. जालन्यात एका व्यापाऱ्याच्या घरी पोळ्या लाटते, असं त्यांनी सासरी सांगितलं होतं. तंबूचं नाव काढलं असतं तर त्या घराचं दार कायमचं बंद झालं असतं आणि म्हातारपणी टेकायला दुसरी जागा नव्हती. एका खेळाला मागच्या बायकांनी गलका केला, "काय बोलून राह्यली ती राणी? आमाला कायबी कळंना!" तशा यमुनाबाई पिठाच्या हातानंच उठल्या आणि राणीचं बोलायला लागल्या. थोड्या वेळानं मागच्या बायका डोळे पुसू लागल्या. पुढचे बाप्ये माना उंच करून बघायला लागले, मागे असं काय चाललंय म्हणून.

शेठजींना फायद्याचा वास लांबून यायचा. दुसऱ्या खेळापासून त्यांनी यमुनाबाईंना पडद्याच्या कडेला, मागच्या अंगाला बसवलं आणि बायामाणसांचं सगळं बोलणं त्यांच्याकडे दिलं. स्वयंपाक काही सुटला नाही. भाकरी थापता थापता त्या तव्याशी राणीसारख्या भांडत. उस्मानमास्तर मनाचा मोठा माणूस. म्हणाले, "बाई, अच्छा झालं. मी राणी झालो की लोक हसतेत."

राणीनं जरा भारदस्त बोलावं, असं मी एकदा शहाणपण शिकवलं. त्या फटकन म्हणाल्या, "राणी असली म्हून काय झालं, पेटीवाले दादा? लेकरू दिसंना झाल्यावर ती भी आपल्यासारखीच वरडंल." त्यांचा एक नेम होता. "तोंड हालतंय तवरच बोलायचं. तिनं तोंड मिटलं की आपून भी मिटायचं. पर तोंड हालून राह्यलं आन् आवाज न्हाई, ह्यो बाईवर जुलूम हाय, दादा."

खेळाची दवंडी मात्र एकच असे: "उस्मानमास्तर! एक मर्द, दहा आवाज! बाईचा आवाज ऐकून चक्कर येईल!" ती ऐकून यमुनाबाई एकदा शेठजींपुढे उभ्या राहिल्या. "शेठ, माझं नाव घ्या ना दवंडीत. वाटूर सोडून समद्या गावात घ्या." शेठजी हसले. "अगले गाँव में, बाई. बराबर घेऊ." टेंभुर्णी झालं, शहागड झालं. प्रत्येक गावात त्या हलगीमागे कान लावून उभ्या राहत आणि शेवटपर्यंत ऐकून चुलीशी परत येत. पुढचं गाव कधी आलंच नाही.

आलं ते वाटूर. तिथे त्या बोलणार नव्हत्या, तंबूबाहेर चुलीशीच बसून राहणार होत्या. राणीचं मूल पळवून नेतात तो प्रसंग आला. मास्तरांनी जमेल तसा बायकी गळा काढला आणि तंबू खदाखदा हसला. राणी पडद्यावर ऊर बडवतेय आणि लोक हसताहेत. यमुनाबाई आत आल्या. मी पेटीवरून मान हलवून नको नको म्हणत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या बोलल्या आणि हसणं जागच्या जागी थांबलं. मग मागून एक बाई उठून ओरडली, "आगं माय, ही तर आमची यमुना!" ती त्यांची जाऊ होती.

सकाळी आम्ही गाड्या भरत होतो तेव्हा गावात हलगी वाजली. "ऐका हो ऐका! मयत सखारामची बायको यमुना तमाशेवाल्यात गेली हो! आजपासून तिचा आन् घराचा संबंध न्हाई, वावरावर हक्क न्हाई हो!" यमुनाबाई गाडीच्या चाकाला धरून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का दादा? घेतलं माझं नाव. बराबर घेतलं."

त्या दवंडीची आठवण झाली की माझं डोकं अजून तडकतं. सासरच्यांवर नाही तेवढा माझा राग शेठजींवर आहे. जालना येताच त्यांनी यमुनाबाईंना काढून टाकलं. "बदनाम बाई का नाम लगा तो घरंदाज औरतां नै आते." ज्या माणसाला दवंडीत घ्यायला यमुनाबाईंचं नाव सापडत नव्हतं, त्यालाच आता त्या नावाची अडचण झाली!

यमुनाबाई जिनिंगमध्ये लागल्या. कापसाच्या धुळीनं आधी खोकला धरला, मग आवाज बसत गेला. पुढे नुसती घरघर उरली. दरम्यान बोलपट आले, तंबू बसला आणि मीही त्यांच्याच गल्लीत राहायला आलो.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. बाहेर हलगी वाजली. बोलपटाची दवंडी होती. पडद्यावरची बाई आता स्वतः बोलते, स्वतः गाते, असं ओरडून दवंडीवाल्यानं त्या नटीचं नाव घेतलं. एकदा नव्हे, चारदा घेतलं. यमुनाबाई दाराला धरून शेवटपर्यंत ऐकत होत्या. हलगी लांब गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि काहीतरी बोलल्या. मी कान जवळ नेला. त्यांनी पुन्हा सांगितलं, हात उडवून, डोळे मोठे करून सांगितलं. ओठ भराभर हलत होते आणि आवाज येत नव्हता.

त्याच थंडीत त्या गेल्या. त्या दुपारी त्या काय म्हणाल्या, ते मला आजवर कळलेलं नाही. जगातल्या झाडून साऱ्या मुक्या राण्यांचं त्यांनी बोलून दिलं. त्यांचं बोलून द्यायला तिथे मी एकटाच होतो, आणि मला फक्त पेटी येत होती.