खिडकीखालचा पांढरा पट्टा

सुरतेत, लिंबायतमधल्या आमच्या खोलीखाली पॉवरलूमचं खातं होतं. माग चालू असले की भिंती, भांडी आणि आम्ही सगळे एका तालात थरथरायचो. माझं अक्षर वाकडंतिकडं यायचं. शाळेतल्या बाईंना वाटायचं, पोरीच्या हाताला काही आजार आहे. माय दिवसभर साड्यांचे लोंबते धागे कापायची आणि संध्याकाळी तिची बोटं मिटत नसत. आबा बारा तासांची पाळी करायचे. लग्नाआधी ते खानदेशातून एकटे आले, तेव्हा गावाकडची पोरं मिळून एका खोलीत राहत. निम्मे दिवसपाळीला, निम्मे रातपाळीला. अंथरूण कधी थंड पडायचं नाही, असं आबा अजून सांगतात, जणू ती सोयच होती.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे आधीच सांगून टाकते, कारण मी ते सगळीकडे सांगते. रिक्षावाल्यांनाही सांगून झालंय. आता मी पर्वत पाटियाजवळच्या कापड मार्केटात एका शेठकडे अकाउंट्स बघते. खोली अजून तीच आहे, फक्त वर एक मजला चढवलाय. नोकरी लागल्यावर शहाण्या माणसानं करायच्या गोष्टी मी केल्या: फ्रिज घेतला, मायच्या बोटांना औषध सुरू केलं. मग शहाणपण संपलं आणि मी आगगाड्यांच्या नादाला लागले.

झालं असं, की एका शाळेच्या हॉलमध्ये छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन होतं आणि मी बाहेर ऊन होतं म्हणून आत गेले. टेबलांवर रूळ, बोगदे, तळहातावर मावतील अशी इंजिनं. प्रत्येक गाडीपुढं कार्ड: कुठली लाइन, कुठला काळ. बघावं तर सगळं युरोप. सुरतेच्या उन्हाळ्यात टपांवर बर्फ. तिथं रेल्वेतून रिटायर झालेले एक गुजराती साहेब सगळ्यांवर देखरेख करत होते. हे छांदिष्टांचं मंडळ त्यांचंच. मी त्यांना विचारलं, "आपली सुरत-भुसावळ लाइन कुठंय?"

साहेब म्हणाले, "बेन, ए कोई नथी बनावतुं."

कोणी बनवत नाही म्हणे. निम्मं लिंबायत त्या लाइननं आलंय. तापीच्या काठाकाठानं, नंदुरबार-नवापूर करत, कोळशाचे कण डोळ्यांत घेत. माझा बाप त्याच गाडीनं आला आणि सुरतेच्या अलीकडच्या स्टेशनावर, उधन्याला, उतरला. मी साहेबांना सांगितलं, की पुढच्या प्रदर्शनात ती गाडी मी आणते. ग्रॅज्युएट असल्याचंही सांगितलं. ते म्हणाले, आणा, पण आमच्या मंडळाचा नियम आहे: गाडी त्या लाइनची आणि त्या काळाची असली पाहिजे, आणि जे रंगवाल त्याचा पुरावा पाहिजे. मनातलं चालत नाही.

गाडी आणणं किती अवघड असेल, याची मला कल्पना नव्हती. चौटा बाजारात मिळाली ती गाडी सेलवर चालायची, हसायची आणि मधेच गाणं म्हणायची. इंटरनेटवर भारतीय म्हणून मिळत होती ती डिझेल इंजिनं आणि निळे डबे. वाफेचं एक होतं, पण ते बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचं, मेल-एक्स्प्रेसचं. आबांची होती पॅसेंजर. तिचं इंजिन चपट्या तोंडाचं. शेवटी विलायतेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाकडून मी एक वापरलेलं काळं इंजिन मागवलं. ते आपल्या इंजिनाच्या बरंच जवळ जात होतं. पुढं गाय बाजूला सारायची जाळी आणि वर मोठा दिवा बसवला की झालं. पार्सल दुकानावर आलं. शेठना वाटलं, बटणांचं सॅम्पल आहे. उघडून बघितल्यावर त्यांनी इंजिन गल्ल्याजवळ ठेवलं आणि दोन गिऱ्हाइकांना त्याचा भावही सांगितला.

चार डबे मी पत्रा आणि प्लॅस्टिकमधून स्वतः जुळवले. तयार झाल्यावर घरी रूळ मांडले, गाडी सोडली, आणि ती पहिल्याच वळणावर आडवी झाली. उचलून ठेवली, परत आडवी. मग लक्षात आलं. खाली माग चालू होते. वर अख्खा रूळमार्ग त्यांच्याबरोबर नाचत होता. लाइट गेली की माग बंद पडायचे, पण तेव्हा माझी गाडीही बंद. महिनाभर मी एकतर भूकंपात गाडी चालवली, नाहीतर अंधारात नुसती बघितली. पुढं बॅटरी जोडली. तेव्हापासून लाइट गेल्यावर खुश होणारी गल्लीत मी एकटी.

आता राहिला रंग. मला त्या काळचा एकही रंगीत फोटो मिळाला नव्हता. म्हणून मी आबांच्या जुन्या खात्यातले त्यांचे तीन सोबती ओट्यावर चहाला बोलावले. सगळे त्याच गाडीनं आलेले. मार्केटातून साड्यांची शेड-कार्डं आणून पुढं ठेवली आणि विचारलं, डबा कुठल्या रंगाचा होता?

एक म्हणाले विटकरी. दुसरे म्हणाले, विटकरी नाही, कत्थई. तिसऱ्यांनी राणी कलरवर बोट ठेवलं.

"राणी कलरनी गाडी?" आबा म्हणाले. "तू लगीनमा बठेल व्हता का गाडीमा?"

"धूर डोयामा जाये, रंग कोन देखे," ते म्हणाले.

भांडण पेटलं, चहा गार झाला. पण एका गोष्टीवर चौघांचं एकमत होतं. खिडक्यांच्या खाली पांढरा पट्टा होता. पूर्ण गाडीला. मी प्रत्येकाला वेगळं गाठून विचारलं, उलटसुलट विचारलं. पट्टा होता म्हणजे होताच. आबाही विटकरीच्या बाजूनं पडले, तेव्हा तेच बहुमत मानून मी डबे विटकरी-तांबडे केले आणि खिडक्यांखाली केसाएवढ्या ब्रशनं पांढरा पट्टा ओढला. आबांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "हां. आते शे आम्हनी गाडी."

मी गाडी घेऊन साहेबांच्या घरी गेले. त्यांनी भिंग लावलं. इंजिनाची जाळी आवडली. मग भिंग डब्यावर थांबलं.

"बेन, आ पट्टो क्यांथी आव्यो?"

मी म्हटलं, चार साक्षीदार आहेत. त्यांनी कपाटातून जुन्या फोटोंचं बाड काढलं. काळे-पांढरे फोटो, पण त्याच लाइनचे, त्याच काळाचे. नवापूर, व्यारा, बारडोली. एकाही पॅसेंजरच्या डब्याला पट्टा नव्हता. मी खूप शोधला. "पट्टो काढी नाखो," साहेब म्हणाले, "पछी तमारी गाडी टेबल पर."

घरी येऊन मी थिनरनं पट्टा पुसला. आबांनी बघितलं.

"पट्टा कथा गया?"

"नव्हताच आबा. फोटो बघून आले."

"फोटोवाला उधन्याले उतरना व्हता का मी?"

"साहेब रेल्वेतले आहेत."

"मग त्यासनी गाडी लई जा. ही मन्ही नही." आणि त्यांनी जाहीर केलं, की पट्ट्याशिवाय गाडी मांडली तर ते प्रदर्शनाला येणार नाहीत. आबा जे जाहीर करतात ते करतात. एका मागमालकाशी बोलायचं नाही असं त्यांनी माझ्या जन्माआधी जाहीर केलंय. तो मालक आमच्याच गल्लीत राहतो.

आता बघा माझी अवस्था. पट्टा ठेवला तर टेबल नाही. पट्टा काढला तर आबा नाहीत. आणि मी हे सगळं केलं होतं ते आबांना त्या टेबलापुढं उभं करायला. त्या बर्फाळलेल्या गाड्यांच्या रांगेत आमची गाडी, आणि तिच्यापुढं आमच्या गाडीतला माणूस. मी पट्टा परत ओढला. साहेबांच्या आठवणीनं परत पुसला. माय धागे कापता कापता बघत होती. तिसऱ्यांदा पुसला तेव्हा डबे गुलाबी झाले.

"त्या म्हनत व्हता ना, राणी कलर," माय म्हणाली. "झाया आते."

अशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला खानदेशी माणूस सुरतेत सापडणार नाही. माग बंद, गल्ल्या ओस, सासरच्या पोरी माहेरी, आणि उधन्याच्या फलाटावर मुंगी शिरायला जागा नाही. आम्हीही निघालो. मी माझ्या पगारातून रिझर्व्हेशन करते म्हटलं होतं. आबा म्हणाले, आखाजीला जनरलमध्येच बरं, ओळखीची माणसं भेटतात. खरं कारण नंतर कळलं.

मी पाण्याच्या बाटल्या आणायला पुलावरून पलीकडे गेले होते. येताना गाडी फलाटाला लागली. मी जिन्याच्या अर्ध्यावर होते, तिथून पूर्ण गाडीची बाजू दिसते. गाडी अजून थांबली नव्हती आणि माझे सत्तरीला टेकलेले आबा डब्याबरोबर पळत होते. पिशवीतून त्यांनी पांढरी चिंधी काढली. मागावर कोऱ्या थानाचं टोक कापतात, ती. आणि पळता पळता ती खिडकीच्या गजाला बांधली. पुढच्या खिडकीला दुसरी. त्यांच्या पुढं दुसरे एक म्हातारे. मागं आणखी दोघं. खिडक्यांखाली हातभर पांढऱ्या चिंध्या लोंबत होत्या. गाडी सरकत होती तोवर त्या उडत एकमेकींना चिकटत होत्या आणि डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खिडक्यांच्या बरोबर खाली, पांढरा पट्टा तयार झाला होता.

मी बाटल्या हातात घेऊन तिथंच उभी राहिले. लोक शिव्या देत बाजूनं जात होते. मी फोन काढला आणि फोटो घेतला.

"ओ ग्रॅज्युएट," आबा खालून ओरडले, "गाडी जाई राहिनी."

जागा आम्हाला व्यवस्थित मिळाली. आबांच्या चिंधीला त्यांची वेगळी गाठ असते. खात्यातले लोक एकमेकांच्या गाठी ओळखतात आणि त्या खिडकीपाशी कोणी बसत नाही. रुमाल टाकला तर चोरीला जातो. चिंधी कोण चोरणार?

"आबा," मी म्हटलं, "तेव्हा पूर्ण गाडीला असं असायचं?"

"आखाजीले तर दोन्ही बाजूले."

"मग तो पट्टा नव्हता. चिंध्या होत्या."

आबा खिडकीबाहेर बघायला लागले. बघायला तिथं उधन्याची मागची भिंत होती.

"आबा, मी चौघांना विचारलं. एकानंही चिंधी म्हटलं नाही."

"चार लोकमा चिंधी कोन सांगस?" ते म्हणाले. "तुन्हा प्रदर्शनमा मोठा मोठा साहेब येतीन. त्यासले काय सांगशी, मन्हा बाप चिंधी बांधीसन उना?"

माय पिशव्या सीटखाली सारत होती. ती म्हणाली, "आन पट्टा बांधीसन उना व्हतात का?"

समोरच्या सीटवरचे एक अनोळखी गृहस्थ हसले. मग आबाही. मी मात्र हसले नाही. मला एकदम दिसलं, की चार म्हाताऱ्यांनी, न ठरवता, एकच चिंधी लपवली होती, आणि लपवायची गरज त्यांना वाटली होती माझ्यासमोर. मी रिक्षावाल्यांना पदवी सांगत फिरते, तसंच हे. घराण्याचा गुण असावा. मी आबांना म्हटलं, की मी साहेबांना चिंधीच सांगणार आहे, आणि मोठ्यानं सांगणार आहे.

"सांग मग," आबा म्हणाले. "पन गाठ बराबर दाखाड."

गावाहून परत आल्यावर डबे परत तांबडे केले, पट्ट्याशिवाय. आबांनी खरं कोरं कापड आणलं. त्याच्या एवढ्याएवढ्याशा चिंध्या कापून मायनं आणि मी चिमट्यानं खिडक्यांच्या गजांना बांधल्या. आबा मागं उभे राहून गाठी चुकीच्या आहेत असं सांगत होते. शेवटी त्यांनी चष्मा लावून एक स्वतः बांधली. ती डब्याइतकी मोठी झाली आणि मायनं ती तशीच राहू दिली.

साहेबांनी भिंग लावलं. डबे तांबडे, कोरे, बरोबर. मग भिंग चिंध्यांवर आलं.

"आ शुं छे?"

मी मोठ्यानं सांगितलं. बाप, माग, चिंधी, गाठ, सगळं. उधन्याचा फोटो दाखवला.

"पण आ फोटो तो आजनो छे," साहेब म्हणाले. "पुरावो ए वखतनो जोइए."

मी याची तयारी करून गेले होते. मी म्हटलं, साहेब, तुमचा नियम रंगवलेल्या गोष्टींना आहे. हे मी रंगवलेलं नाही. हा डब्याचा भागही नाही. हे पॅसेंजरचं सामान आहे.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "पेसेन्जरनो सामान होय, तो वांधो नथी." आणि तरुण असताना व्यारा स्टेशनवर असल्या चिंध्यांनी डब्यांच्या काचा अडकायच्या आणि त्यांनी त्या स्वतः कापल्या होत्या, हे सांगितलं. मी विचारलं, मग आधी का नाही बोललात? म्हणाले, तुम्ही पट्टा म्हणालात.

प्रदर्शन दोन दिवस चाललं. तापीकाठची वाफेच्या काळातली पॅसेंजर, एक इंजिन आणि चार डबे, बर्फातल्या गाड्यांशेजारच्या टेबलावर होती. पुढं कार्ड होतं आणि त्यावर लाइन आणि काळ बरोबर लिहिलेला होता. आबा दोन्ही दिवस आले.