जांभळीतली बाळंतीण

"हळू वो, कुणाचं तरी घर हाय हितं."

वडगावच्या पलीकडे वनखात्यानं राखलेलं एक छोटं रान आहे. तिथं सकाळी फिरायला गेला असाल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आक्का ते मला म्हणायची, धावणाऱ्या पोरांना म्हणायची, कुंपणातून शिरलेल्या म्हशीलासुद्धा म्हणायची. म्हशीनं ऐकलं नाही तर तिला राग यायचा नाही. आम्ही ऐकलं नाही की यायचा.

आक्का मागाच्या घरातली. घरात माग चालायचे आणि ही सुताच्या कांड्या भरायची. साठी ओलांडलेली, आवाज मागाच्या खटखटाटावर चढवलेला. "हळू" हा शब्दही ती इतक्या मोठ्यानं म्हणायची की झाडावरची पाखरं उडून जायची. मी खासबागेतली मास्तरीण, मला हसू आवरायचं नाही.

"हसा, हसा," ती म्हणायची, "पर पाय जपून टाका."

एका उन्हाळ्यात वळणावरच्या जुन्या जांभळीच्या ढोलीत धनेशाची जोडी आली. मादी ढोलीत शिरते, तोंड चिखलानं लिंपून घेते, फटीपुरती जागा ठेवते आणि नर बाहेरून तिला भरवत राहतो. मी पक्ष्याचं नाव सांगितलं. आक्काला नावाचं काही पडलेलं नव्हतं.

"आत बाळंतीण हाय, बाई. आन् दादला बघा कसा राबतोय. आमच्या ह्यांनी जलमात एक केळं आणून दिलं न्हाय मला."

असं म्हणून ती हसली आणि मग बराच वेळ वर बघत राहिली. त्या दिवसापासून तिचं फिरणं संपलं. यायची आणि जांभळीसमोर बसायची.

आता आमचं नशीब बघा. नेमका त्याच जांभळीखाली हास्यक्लब भरायचा. टाळ्या काय, हा हा हा काय. नर बिचारा चोचीत फळ धरून लांबच्या झाडावर ताटकळायचा. आक्कानं मंडळींना हात जोडले, मग भांडली, मग शिव्या घातल्या. मंडळी आणखीच हसली. शेवटी तिनं घरून उरलंसुरलं सूत आणलं आणि खोडाला गुंडाळलं. इथं थांबायचं नाही, एवढीच त्याची खूण. मागावर तेव्हा लुगड्याचे लाल-पिवळे काठ चालले होते, म्हणून सूत लाल-पिवळं.

झाडाला लाल-पिवळं सूत दिसल्यावर आपली माणसं काय करतील, तुम्हीच सांगा.

हास्यक्लबानं दुसऱ्याच दिवशी हसणं थांबवून हात जोडले. आक्का खूश. "कळलं बघा शाण्यांना." मग कुणीतरी दुसरा दोरा बांधला. मग नारळ आला, मग घंटा आली. जांभळीला कुणी नवस बोलल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. आक्का बायकांना ओरडून सांगायची, "अगं, हितं देव न्हाय. आत बाळंतीण हाय, पाखराची." बाळंतीण म्हटल्यावर तर काय, लाकडी पाळणेच यायला लागले.

वनखात्याचा रखवालदार म्हणाला, "आक्का, देवाच्या कामात मी हात घालणार न्हाय." मग ती स्वतःच सूत सोडवायला गेली. पण तोवर खोडावर इतके दोरे झाले होते की आपलं कुठलं तेच तिला सापडेना. एका बाईनं तिचा हात धरून तिला बाजूला केलं, तेही मायेनंच.

घंटेला भिऊन नर येईनासा झाला. एका सकाळी बघते तर लिंपण फुटलेलं. मादी आपणहून बाहेर पडली की तिचं आणखी काही झालं, देव जाणे. ढोली रिकामी होती. खाली करवंट्यांमध्ये वाळक्या चिखलाच्या खपल्या पडल्या होत्या आणि आक्का त्या पदरात गोळा करत होती.

"माझ्याच हातानं झालं वो बाई," ती म्हणाली. तिचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं.

ती पुन्हा रानात आली नाही. मी घरी गेले तेव्हा कांड्या भरत बसली होती. म्हटलं, "चला की आक्का, मोर आलेत."

"नगं. मी गेलं की काय तरी इस्कटतंय."

पावसाळा संपायच्या आत ती गेली. साधा ताप होता, असं घरचे सांगतात. सांगू देत. मी तिला त्या सकाळी बघितलं होतं.

परवा बऱ्याच महिन्यांनी त्या वळणावर गेले. जांभळीला आता कट्टा बांधलाय. वर ढोलीत कुणीतरी पणती ठेवली होती आणि आतली बाजू काळी झाली होती. एक तरुण बाई काखेत तान्हं पोर घेऊन कट्टा झाडत होती.

"चपला काढा, बाई," ती म्हणाली. "आक्कांचं ठाणं हाय हे. पयला दोरा त्यांनीच बांधला. लई देवभोळ्या होत्या म्हणं."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात पोर जागं झालं आणि ती त्याला थोपटायला लागली.

मी चपला काढल्या. आक्कासाठी काढल्या, हे तिला सांगितलं नाही.