अण्णांच्या मशीनला लागलेलं कुंकू

अण्णांचं मशीन मी दुरुस्त केलं, याचा मला मनापासून पश्चात्ताप होतो.

अण्णा म्हणजे माझे सासरे. घराणं भिक्षुकांचं, स्वतः सरकारी कचेरीत कारकून. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर घेतला (सगळा जीव त्या कीबोर्डातच) आणि पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम स्वतः लिहून कॅसेटवर भरला. अर्ध्या गारखेड्याची लग्नं त्यावर जमली. मग ते बंद पडलं ते पडलंच. परवा आमच्या मुलीला, मुग्धाला स्थळ आलं आणि अण्णा मशीन, जुना टीव्ही, टेपरेकॉर्डर, जुळवलेल्या पत्रिकांची वही असं सगळं रिक्षात घालून पुंडलिकनगरला आमच्या घरी हजर झाले.

"मोबाईलवर दोन मिनिटांत जुळतंय की अण्णा," माझी बायको वृंदा म्हणाली.

"मोबाईलवर माझा भरवसा नाय. जावईबापूंना यातलं कळतं ना?"

मला यातलं रिमोटचे सेल फिरवण्याइतपत कळतं. पण पंचवीस वर्षांत सासऱ्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर काही सोपवलं होतं. "रविवारपर्यंत चालू करतो," मी म्हणालो.

शनिवारी बटण दाबलं आणि घरातली वीज गेली. पंखा बंद, फ्रीज बंद, वृंदाच्या मिक्सरमधली चटणी अर्धवट.

"काय करायलेत तुम्ही?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"बिघाड सापडतोय!"

बोर्ड बाहेर काढला. मधल्या चिपच्या पायांत लाल काहीतरी अडकलं होतं. मला वाटलं गंज. टूथब्रशनं घासलं (तो जुना नव्हता आणि माझाही नव्हता, हे नंतर कळलं). तर ते कुंकू! खाली एक अक्षतही सापडली.

"अण्णा, तुम्ही याची पूजा करायचात?"

"दर दसऱ्याला. हळदकुंकू वाहायचं, पाणी शिंपडायचं. शेवटच्या दसऱ्याला लईच शिंपडलं असंल."

घासताना चिपचा एक पाय तुटला. तो सोल्डरचा डाग देऊन जोडला. दुसरा डाग टेबलक्लॉथला पडला, तिसरा माझ्या अंगठ्याला. पण रविवारी टीव्ही उजळला! कॅसेट किंचाळायला लागली, तेव्हा शेजारच्या काकू "कुणाचं दुखायलंय का?" म्हणून विचारायला आल्या आणि बघत उभ्याच राहिल्या.

"आधी आमचीच पत्रिका टाका, चाचणी म्हणून," मी म्हणालो. ही बुद्धी मला कुठून झाली, देव जाणे.

पडद्यावर आलं: छत्तीसपैकी सहा.

"डाग कच्चा राहिला असेल," मी घाईघाईनं म्हणालो. पुन्हा डाग दिला, पुन्हा कॅसेट किंचाळली, पुन्हा सहा. काकूंचं लग्नही याच मशीनवर जमलेलं, म्हणून मग त्यांची पत्रिका टाकली. अण्णांच्या जुन्या वहीत त्यांचे सत्तावीस होते, पडद्यावरही सत्तावीस आले. काकू खूश होऊन घरी गेल्या. वृंदानं वहीत आमचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं, "मशीन बंद. मुलगा बरा दिसतो. अठ्ठावीस धरले."

"अण्णा, धरले?"

"मग काय करता? मशीन दसऱ्याला मेलं आणि बोलणी दिवाळीआधी. चालू असतं तर तुझं लग्न..." अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

वृंदा हसतहसत खालीच बसली. "मुग्धाचंही तसंच बघा," ती डोळे पुसत म्हणाली. "मुलगा बरा दिसतो का, तेवढंच."

अण्णा गंभीरपणे उठले. "वृंदे, जरा कुंकू आण. आणि तांब्याभर पाणी."

आयुष्यात एकच यंत्र माझ्या बाजूनं बिघडलं होतं. तेही मी शोधून शोधून दुरुस्त केलं.