लाभानंतर एक

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणीच ऐकलेली नाही. नवऱ्याने नाही, बहिणीने नाही — आणि जिच्याबद्दल आहे तिने तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर गप्प बसले असते, दुसरं काय?

पण आधी माझ्याबद्दल थोडं ऐका. खोटा नम्रपणा मला कधी जमला नाही, आता या वयात कुठून आणू? विरार पूर्वेला, फुलपाड्यात, मी कितीतरी वर्षं कॉम्प्युटर क्लासमध्ये ‘सी’ भाषा शिकवली. चपला दाराबाहेर काढायच्या, गार खोलीत शिरायचं, निळ्या पडद्यावर प्रोग्रॅम लिहायचा आणि मग तो तपासणाऱ्या कंपायलरची बोलणी खायची — असे दिवस ज्यांनी काढले त्यांतली पुष्कळ मुलं माझ्या हाताखालून गेली. मुलं रडवेली होऊन यायची. म्हणायची, मॅडम, बारावी ओळ अगदी बरोबर आहे, तरी तिथेच एरर दाखवतोय. मी बाराव्या ओळीकडे बघायचेच नाही. अकराव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिलेला असायचा. बेरीज भलतीच येते? बेरजेचा डबा आधी शून्य करून घेतला नसेल. अट नेहमी खरीच ठरते? दोनदा बरोबरचं चिन्ह द्यायचं तिथे एकदाच दिलं असेल. नाचता येईना अंगण वाकडं — मुलं मशीनला शिव्या द्यायची, आणि मी उभ्या उभ्या चूक दाखवायचे. नुसत्या नजरेने. हे मला येत होतं, आणि उत्तम येत होतं.

पण मुलांनी मला नाव दिलं होतं ते यावरून नव्हे. मला ‘लाभवाल्या मॅडम’ म्हणायचे.

त्याचं असं आहे — ‘सी’मध्ये ॲरे असतो. म्हणजे एका रांगेत मांडलेली घरं, प्रत्येक घरात एक आकडा. आणि त्या घरांची मोजणी एकपासून नाही, शून्यापासून सुरू होते. इथे भल्याभल्यांची गाडी अडते. शून्य म्हणजे काही नाही, असं शाळेत डोक्यात बसलेलं असतं, म्हणून मुलं ते घर रिकामं सोडतात. मी विचारायचे, घरी कुणी धान्य मोजताना पाहिलं आहे का? पहिल्या मापाला ‘एक’ म्हणतात का? नाही म्हणत. ‘लाभ’ म्हणतात. लाभ म्हणजे रिकामं माप का? चांगलं भरलेलं, पहिलं, मानाचं माप. तसं हे शून्याचं घर. त्याला शून्य म्हणूच नका, लाभ म्हणा. लाभ, एक, दोन, तीन, चार — झाली पाच घरं. वर्ग हसायचा, आणि पुन्हा ती चूक करायचा नाही.

छान आहे ना? मलाही फार आवडतं. फक्त — ते माझं नव्हतं.

ते कुंदाचं होतं. मी आणि कुंदा वसईला बाजारातल्या एका क्लासमध्ये एकत्र शिकलो. ती भुईगावच्या वाटेवरच्या एका गावातून एस.टी.ने यायची. घरची भातशेती. बोलताना ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणायची, ‘कोण’ला ‘कोन’, आणि मी — सांगूनच टाकते — मी मनातल्या मनात हसायचे. माझे वडील मंत्रालयात, आमच्याकडे ‘ण’ शुद्ध. पण सुरुवातीला माझ्या मागे असलेली ती मुलगी, कानामागून आली आणि तिखट झाली. चुका शोधण्यात माझा हात कुणी धरला नसता, मान्य. पण समजावून सांगावं ते कुंदानेच. ॲरे माझ्याही डोक्यात बसत नव्हता. तिनेच एकदा डबा खाताना तो लाभ सांगितला. तिचे वडील अंगणात भात मोजायचे, तेव्हा ती पोती धरून उभी राहायची. त्या दिवशी मला ॲरे समजला, तो आजपर्यंत.

मग आमच्या सरांना क्लासमध्ये शिकवायला एक जण हवा होता. जागा एकच. आम्ही दोघी. दोघींनी त्यांच्यासमोर आणि नव्या मुलांसमोर एक छोटा धडा घ्यायचा, जिचा चांगला होईल तिला जागा. मला ती का हवी होती? मी पहिली यावी म्हणून. दुसरं कारण नव्हतंच, घरी कुणी माझ्या पगाराची वाट बघत नव्हतं. कुंदाचं तसं नव्हतं. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं — नोकरी लागली तर पुढे शीक, नाहीतर आता स्थळं बघायला लागतो. तिने हे मला स्वतःहून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायलाही जागा नाही.

येते, येते मुद्द्यावर.

धड्याच्या दिवशी सकाळी कुंदाने मला तिचा प्रोग्रॅम दाखवला. पाच विषयांचे गुण एका ॲरेत, आणि त्यांची बेरीज. ती म्हणाली, “जरा बघतेस? तुझी नजर पडली की मला भ्या नाय.” मी खुर्ची ओढून बसले. आणि मला दिसलं. वाचावंही लागलं नाही. घरं कुठवर मोजायची ते सांगताना जिथे ‘पाचपेक्षा कमी’ लिहायचं तिथे तिने ‘पाच किंवा कमी’ लिहिलं होतं. का, तेही त्याच क्षणी कळलं. तिच्या अंगणात मोजणी ‘लाभ, एक, दोन’ अशी नव्हतीच. ‘लाभ, दोन, तीन, चार, पाच’ अशी होती. शेवटचं माप पाच. तोंडाने तिला नियम पाठ होता, पण हात अंगणातलं मोजत होता. शून्यापासून निघून तिचा प्रोग्रॅम पाचपर्यंत जात होता, म्हणजे सहाव्या घरात शिरत होता. ते घर तिचं नव्हतंच. आणि ‘सी’ तुम्हाला अडवत नाही हो. शेजाऱ्याच्या घरात शिरलात तर शिरा म्हणते, तिथे जे पडलं असेल ते उचलून बेरजेत टाकते. त्या मशीनवर तिथे योगायोगाने शून्य पडलेलं होतं, म्हणून बेरीज बरोबर येत होती. दुसऱ्या मशीनवर काय येईल, ते देवालाच माहीत. आणि धडा सरांच्या मशीनवर होता.

मी म्हणाले, “बरोबर आहे.”

एवढंच. दोन शब्द. ती खूश होऊन उठली, मला पाणी आणून दिलं.

तिचा धडा आधी होता. आधी उत्तर दाखवायचं आणि मग समजावायचं, असं तिने ठरवलं होतं. प्रोग्रॅम चालवला तर बेरीज आली उणे हजारांत. पाच विषयांचे गुण, आणि उणे! मुलं खिदळली. कुंदाने पुन्हा चालवला. तेच. ती पडद्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे — मी मान खाली घातली. समजावण्यापर्यंत ती पोचलीच नाही. सर माझ्याकडे वळले, म्हणाले, “तू सांगतेस का, काय चुकलं?”

आणि मी उठले. ती खुर्चीतून बाजूला झाली आणि मी बसले. एक चिन्ह खोडलं, चालवला, बेरीज बरोबर आली. मग मुलांकडे वळून मी विचारलं — घरी कुणी धान्य मोजताना पाहिलं आहे का? सगळं सांगितलं. आणि वर हेही सांगितलं, की अंगणात लाभानंतर दोन येतात, पण इथे लाभानंतर एक. ही पुढची ओळ माझी होती. तिथल्या तिथे सुचलेली. वर्ग गार. सर म्हणाले, शिकवणं म्हणतात ते याला, आणि जागा मला दिली; विरारचा क्लास नंतरचा.

त्या क्षणी मला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतं ना? नाही वाटली. माझी छाती फुगली होती. आणि आता त्याहून वाईट सांगते — ‘लाभानंतर एक’ ही ओळ आठवली की मला आजही अभिमान वाटतो. किती नेमकी होती! त्या एका ओळीने पुढे कितीतरी मुलांची अडलेली गाडी सुटली. चोरीच्या मालावर मी केलेलं नक्षीकाम होतं ते, पण काम चोख होतं. हा अभिमान मला काढून टाकता आलेला नाही. खरं म्हणजे मी तसा प्रयत्नही केलेला नाही.

स्टँडपर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. मला वाटलं, आता ती विचारेल. माझा लाभ का घेतलास, निदान एवढं तरी. तिने काय म्हणावं? “किती मस्त सांगितलंस गं.” आणि मग थोडं थांबून, “तू बघितलं होतंस तेव्हा बरोबरच होतं. मीच नंतर कुठंतरी बोट लावलं असनार.”

त्या वेळी सांगता आलं असतं. एस.टी. यायची होती, वेळ होता. बस आली, ती चढली. क्लासला परत आली नाही. पुढच्या मोसमात तिचं लग्न झालं, मी अहेर घेऊन गेले, तिच्या शेजारी उभी राहून फोटोही काढून घेतला.

कित्येक वर्षांनी, घरोघरी कॉम्प्युटर आले तेव्हा, मी एकदा तिच्या सासरी गेले होते. मुलीसाठी नवा कॉम्प्युटर घेतला होता, तो मी बघावा असं तिला वाटत होतं. कौतुकाने तिने सासूबाईंना माझी ओळख करून दिली — हिच्यासारखं शिकवणारं कोन नाय. मुलगी आतून ओरडली, आई, बंद कर ना तेवढा. कुंदा दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. हात मागे घेऊन हसत म्हणाली, “मी नाय लावत हात. मी हात लावला की बिघडतं. विचार मावशीला, तिने नीट तपासून दिलेलं मी बिघडवलं होतं.”

सगळे हसले. मीही हसले. मी उठून कॉम्प्युटर बंद केला.

कुंदाने त्या सकाळनंतर प्रोग्रॅममध्ये कशालाही हात लावला नव्हता. तिने काहीही बिघडवलं नव्हतं. चूक आधीपासून तिथे होती, मी ती पाहिली होती, आणि ‘बरोबर आहे’ म्हणाले होते. तिला हे अजून माहीत नाही.