मास्तरांचा उलटा डोंगर

सुमे, ये अशी, जवळ बस. कागदावरच म्हणावं लागतंय, कारण दोन दिवाळ्या झाल्या, बाईसाहेबांना मावशीकडे यायला सवड नाही. आणि फोन करून मलाच सांगतेस, की पुण्याला मैत्रिणीच्या दिवाणखान्यात ठोकळे मास्तरांचं चित्र पाहिलं, काय तो डोंगर, काय ते पक्षी, केवढा निसर्गवेडा माणूस असेल. ऐक आता.

असा बावळट माणूस मी अख्ख्या गंगापूर रोडला दुसरा पाहिला नाही. शाळेत चित्रकला शिकवायचे. उरलेल्या वेळात लाकडाच्या ठोकळ्यावर पटाशीने डोंगर नाही तर पक्षी कोरायचे. वर शाई फिरवायची, कागद ठेवून घासायचा, झालं चित्र. घासायला काय, तर माझा भाताचा डाव. तोच म्हणे चांगला गोल आहे. धुऊन आणलाय म्हणायचे, आणि आमच्या भाताला आठवडाभर शाईचा वास.

नव्वदनंतरची गोष्ट ही. तेव्हा आमच्या बाजूला इमारती थोड्या, मळे फार. मास्तर दर रविवारी आमच्या मळ्यात येऊन बसत. निसर्गवेडा म्हणतेस, पण यांना गाईची भीती, चिखलाची किळस, आणि मेथी कुठली नि लसूणघास कुठला तेही कळत नव्हतं.

एकदा मेथीच्या वाफ्यात टिटवीने अंडी घातली. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी शेजारी काठी रोवली, तिला चिंधी बांधली, तेवढ्या तुकड्याचं पाणी बंद केलं. मास्तर ती टिटवी बघत तीन रविवार बसले आणि माझी दोन वाफे मेथी बूड टेकून सपाट केली. मी बोलले, तर म्हणतात, "ताई, तिनं मला अजून ओळखलेलं नाही. ओळखलं की नीट उभी राहील." टिटवी यांना ओळख दाखवणार होती.

मग तुझ्या काकांनी आणि माझ्या दिरांनी मळा इमारतीसाठी द्यायचं ठरवलं. मला सांगितलं ते सगळं ठरल्यावर. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मातीत हात होते माझे. घरात कॅमेरा नव्हता. तेव्हा मी मास्तरांकडे आयुष्यात एकदाच काही मागितलं. म्हटलं, "बिल्डरचं कुंपण पडायच्या आत माझा मळा काढून द्या. जिथलं तिथं."

महिनाभराने कागद आणला, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. विहीर डावीकडची उजवीकडे. चामर लेण्यांचा डोंगर उजव्या हाताचा, तो डाव्या हाताला. गोदावरी उलटी वाहतेय. ठोकळ्यावरचं कागदावर उलटं उमटतं, हे बटाट्याचे ठसे मारणाऱ्या पहिलीतल्या मुलांनाही ठाऊक असतं. पण मास्तरांचा हट्ट, की समोर दिसेल ते लाकडावर जसंच्या तसं कोरायचं, आधी उलटवून घ्यायचं नाही. लोकांच्या दिवाणखान्यात डोंगर कुठल्याही बाजूला चालतो. मला चालणार नव्हता. मी म्हटलं, "मास्तर, तुमच्याकडे सूर्य मावळतीला उगवतो का? हा माझा मळा नाही. घेऊन जा."

त्यांनी कागद गुंडाळला. ठोकळा मात्र ओट्यावर ठेवला. म्हणाले, "ताई, कागदाला उलटंच कळतं. लाकडाला मी खोटं सांगितलेलं नाही. ते राहू द्या."

सरपण देऊन गेले, असं मी तुझ्या काकांना म्हटलं. फ्लॅटमध्ये आल्यावर तोच ठोकळा, कोरलेली बाजू खाली करून, तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून टाकला. पुढे मास्तर रिटायर होऊन लेकीकडे नागपूरला निघाले. निरोप घ्यायला दाराशी आले, तर हात पिठाचे आहेत सांगून मी आतूनच बरं म्हटलं. तिकडेच वारले ते.

गेल्या दसऱ्याला डबे घासायला काढले आणि ठोकळा उलटा करून गॅलरीत उन्हाला ठेवला. विहीर डावीकडे. डोंगर उजवीकडे. नदी जिकडे वाहायची तिकडेच वाहतेय. वाफ्यात टिटवी नीट उभी, आणि तिच्याशेजारी माझी काठी, चिंधीसकट. एवढीशी आहे, पण बोटाला लागते. डबे तसेच राहिले त्या दिवशी.

तुडवलेली मेथी मात्र कोरली नाही हो. वाफे कसे भरगच्च. लबाड माणूस.

तेव्हा ते पुण्याचं चित्र राहू दे. आमच्या खिडकीतून आता समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. तुझ्या मुलांचं बोट धरून मला ठोकळ्यावर दाखवायचंय, मावशीआजी कुठे उभी असायची ते. दिवाळीची वाट बघू नकोस, सुमे. या रविवारीच ये.