खांदे ओळखणाऱ्या आक्का

माणसाच्या खांद्यावर माझ्या थोरल्या नणंदेने जेवढं प्रेम केलं तेवढं साऱ्या जालना जिल्ह्यात कुणी केलं नसेल, आणि त्याच माणसाच्या चेहऱ्याकडे तेवढं दुर्लक्षही कुणी केलं नसेल. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. ब्याऐंशी साली लग्न होऊन मी नवीन जालन्यातल्या त्यांच्या घरी आले, तेव्हा बाकीची मंडळी नव्या सुनेचं तोंड बघायला पुढे जमली होती. आक्का तेवढ्या माझ्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "पोरगी चांगलीये. पण उजव्या खांद्यानं लई पाणी वाहिलंय तिनं." माहेरी नळ नव्हता, खरंच सात वर्षं मी विहिरीचं पाणी वाहिलं होतं. हे सासरी कुणाला सांगायचं नाही असं आईने बजावलं होतं, आणि इथे माप ओलांडून पाच मिनिटं व्हायच्या आत ते खांद्यानेच सांगून टाकलं.

आक्का नागपूरला राहून फिजिओथेरपी शिकून आल्या होत्या. त्या काळी हा शब्द आमच्या गल्लीत कुणाच्या जिभेवर बसत नव्हता, म्हणून लोकांनी त्यांना 'मालिशवाल्या बाई' करून टाकलं होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी एक लाकडी बाक टाकला होता, पण पहिली काही वर्षं त्यावर बसायला येत ती फक्त उसण भरलेली माणसं. तीही अर्धीच, कारण आमच्याच गल्लीत एक पायाळू गृहस्थ होते आणि पायाळू माणसाने हलकी लाथ मारली की उसण जाते यावर सगळ्यांचा विश्वास होता. त्या गृहस्थांशी आक्कांचं बोलणं नव्हतं. एकदा त्यांचीच कंबर धरली. स्वतःला लाथ मारून घ्यायची सोय नसल्यामुळे ते भिंत धरत धरत आमच्या ओट्यावर आले. आक्कांनी त्यांना चांगलं बरं केलं, पण त्यानंतर पंधरा दिवस येणाऱ्या प्रत्येकाला, न विचारता, ते कोण होते आणि कशासाठी आल्ते ते सांगितलं.

त्यांचा खरा जीव मात्र तान्ह्या लेकरांत. अवघड बाळंतपणात कधी कधी बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. त्या ओढाताणीत मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात आणि बाळाचा एक हात लुळा पडतो. खेड्यापाड्यांत अशा लेकराला नजर लागली म्हणायचे, नाहीतर हात चोळून चोळून बेजार करायचे. आक्का त्या हाताला हलके व्यायाम द्यायच्या आणि लोंबणाऱ्या खांद्याला आधार म्हणून चिकटपट्टी लावायच्या. पट्टी कापायची तऱ्हा शिंप्याची होती. आधी कागद बाळाच्या खांद्यावर धरून बेतून घ्यायचा, मग पट्टी कापायची, आणि तिचे कोपरे गोल करायचे, म्हणजे झबल्यात अडकून ती निघायची नाही. त्या कात्रीला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. सासऱ्यांनी एकदा त्या कात्रीने मिशा कातरल्या, तर वडील असूनही आठ दिवस त्यांना आक्कांनी ताटात भाकरी वाढली नाही. सासूबाई वाढायच्या.

दुसरा नियम असा, की कुठलीही पट्टी आधी तीन दिवस स्वतःच्या अंगावर वापरल्याशिवाय लेकराच्या अंगावर लावायची नाही. तेव्हाची पांढरी पट्टी जाड आणि राकट होती. आक्कांच्या कोपराच्या आतल्या बाजूला कायम लाल चौकोन उमटलेले असायचे. त्यांचा हात अपुरा पडला की आमच्याकडे मोर्चा वळायचा. माझे यजमान एका बियाण्यांच्या कंपनीत होते. त्यांच्या मनगटापासून दंडापर्यंत आक्कांनी एकदा पट्टी लावली आणि तीन दिवसांनी, ते जेवायला बसलेले असताना, बोलता बोलता एका झटक्यात ओढून काढली. हातावरचे केस पट्टीबरोबर गेले. यजमान कळवळून उठले तेव्हा आक्का वहीत लिहीत होत्या, की अशी जल्दी काढू नये, आधी तेल लावून भिजवावी. पुढे शेकडो लेकरांच्या पट्ट्या तेल लावून अलगद निघाल्या, त्यामागे आमच्या यजमानांचा डावा हात आहे.

तान्ह्या बाळांशी आक्का अहो-जाहो करायच्या आणि त्यांच्या बापांना अरे-तुरे. "साहेब, जरा हात देता का? द्या, द्या, घाई न्हाई," असं दोन महिन्यांच्या बाळाला म्हणायच्या आणि बाजूला उभ्या असलेल्या मिशाळ बापाला म्हणायच्या, "तू गप बस तिकडं." मोठ्या जमीनदारांनाही हेच. घरी व्यायाम करतो म्हणून सांगणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नसे. न कळवता एसटीने त्या त्या गावी जाऊन, थेट पाळण्यापाशी उभ्या राहून, कधी केला आणि किती वेळ केला ते विचारायच्या. आष्टीला एका लग्नात तर त्यांनी कहर केला. अक्षता टाकायला म्हणून मंचावर गेल्या आणि नवरदेवाचा डावा हात वर उचलून बघितला. तो कानापर्यंत जाईना. तेव्हा वरमाईला त्यांनी विचारलं, की जन्माच्या वेळी याचा खांदा अडकला होता का. वधूकडची मंडळी गंभीर झाली. मला वाटलं, आता लग्न मोडतं. पण वरमाई रडायलाच लागली. पंचवीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, सगळ्यांनी तिच्याच हयगयीवर बोट ठेवलं होतं. आक्का तिच्याजवळ बसून राहिल्या, आणि जेवणाच्या पंगती उठेपर्यंत आम्ही त्यांची वाट बघत राहिलो.

दोन हजार साल उलटल्यावर, पन्नाशीच्या पुढे, आक्का मुंबईला जाऊन नव्या तऱ्हेची पट्टी शिकून आल्या. ही कापडाची, पातळ, ताणली जाणारी आणि रंगीत. लेकराच्या कातडीला ती त्रास देईना. आक्का महिनाभर दंडावर निळी पट्टी मिरवत होत्या. त्याच सुमारास भोकरदनहून नसीम आली. तीन महिन्यांची, गोरीपान, उजवा हात अंगालगत पडलेला. तिला घेऊन आई आणि आजोबा आले होते. आजोबा भोकरदनला शिंपी होते. आक्कांची आधी कागद बेतून घ्यायची पद्धत बघून ते खूष झाले आणि कोपरे गोल करताना कात्री थांबवायची नाही, कापड फिरवायचं, असं त्यांनी आक्कांना शिकवलं. आक्कांची कात्री हातात मिळालेला आमच्या माहितीतला तो एकच माणूस.

पट्टी लावली की नसीमचा खांदा सरळ दिसायचा, मनगट खाली पडत नसे. घरच्यांना फार आनंद झाला. पण दर खेपेला आक्का पट्टी काढून तिच्या कोपराकडे बघत राहायच्या. हात लुळा पडलेली इतर लेकरं या वयापर्यंत कोपर दुमडू लागत, हिचं कोपर काही हलेना. पाचवा महिना लागला तेव्हा आक्कांनी सांगितलं, की नस नुसती ताणलेली दिसत नाही, तुटलेली असावी. मुंबईला नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवावं, बहुतेक ऑपरेशन लागेल, आणि ते वेळेतच व्हायला हवं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि नव्या पट्टीसाठी नातीचा हात पुढे केला. एवढ्याशा जिवाला कापायचं कशाला, ते म्हणाले, पट्टीनं हात बराबर दिसून राह्यला.

आक्कांनी पट्टी लावली नाही. तेल लावून जुनी पट्टी सोडवली, हात पुसला आणि बाळ आईच्या मांडीवर दिलं. त्या म्हणाल्या, "माझी पट्टी तुम्हाला फसवून राह्यली, चाचा. मी आता लावणार न्हाई." म्हातारा उठला. पुढच्या आठवड्यात ती मंडळी आली नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

आक्कांना जेवण जाईना. मी तेव्हा बँकेत नोकरीला होते; शेवटी एका सकाळी मला म्हणाल्या, की बँकेला सुट्टी टाक. आम्ही दोघींनी भोकरदनची एसटी धरली. दुकानात आजोबा मशीनवर बसले होते. त्यांनी आम्हाला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि मान खाली घालून पुन्हा शिवायला लागले. दुपार होत आली. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. इतका वेळ गप्प बसलेल्या आक्का मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. मग आजोबा एका सदऱ्याला इस्त्री करायला उठले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या,

"चाचा, आत शिवण उसवलेली असली आन् वरून इस्त्री फिरवली, तर कपडा सरळ दिसंल का न्हाई?"

"दिसंल," म्हातारा म्हणाला.

"मंग, अंगात घातला की?"

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मग मशीनमागच्या पडद्याकडे तोंड करून त्यांनी सुनेला हाक मारली आणि आक्कांना विचारलं, "कब जाना है?"

आक्का त्यांच्याबरोबर मुंबईला गेल्या, ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसल्या आणि बारा दिवसांनी परत आल्या. नसीमच्या पायातली एक बारीक नस काढून मानेत जोडली होती. पण नस जोडली म्हणजे हात लगेच हलत नाही; ती तसूतसूने वाढते. मग पुन्हा व्यायाम, आणि आता हक्काने पट्टी. दहा-अकरा महिने काहीच झालं नाही. आजोबांनी एका शब्दाने दोष दिला नाही, पण तेच आक्कांना लागायचं. मग एका गुरुवारी आक्कांनी नसीमचा चांगला हात धरून ठेवला आणि समोर बिस्कीट धरलं. उजवा हात हळूहळू, थरथरत, दमत दमत वर आला. बिस्कीट नाकाला लागलं, मग गालाला, मग तोंडात गेलं. आजोबांनी डोळ्यांवर रुमाल धरला. आक्का त्या पोरीला फक्त म्हणाल्या, "मेहरबानी झाली, बेगमसाहेब."

हात पुरता बरा झाला नाही. डोक्यावर सरळ जात नाही अजून. पण ती जेवते, लिहिते, स्वतःची ओढणी सावरते. पाच वर्षांची झाल्यावर शाळेत घातली, त्या वर्षीच्या थंडीत आजोबांनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. दोन-अडीच वर्षं तिचं जालन्याला येणं बंद झालेलं होतं. आक्कांनी नवीन पातळ नेसलं होतं. नसीमने आक्कांकडे पाहिलं आणि अनोळखी बाई बघून ती आईच्या मागे लपली. आई ओशाळली, पुन्हा पुन्हा सांगायला लागली, पण पोरगी काही पुढे येईना. आक्का हसल्या आणि राहू द्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मी विचारलं, की वाईट वाटलं का. ज्यांच्यासाठी आयुष्य घातलं त्यांच्यातलं एकही लेकरू त्यांना ओळखत नव्हतं, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. त्या वयातलं कुणाला आठवतं?

"ध्यानात न्हाई तेच बरंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे दुखणंबी ध्यानात न्हाई."

एसटी राजूरजवळ आली. उभ्या ज्वारीवरून वारा जात होता. गावाच्या अलीकडे त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पण मोठी झाली न्हाई का गं, लई?"